सहा खडे आणि न थांबणारी पेटी

मला हात नाहीत, तरी आयुष्यभर मी पत्तेच पिसत आले. मित्रांनो, मी एक जुनी काळी पेटी आहे. एल्को गावातल्या एका जुगारघराच्या मागच्या खोलीत, मोडक्या खुर्च्या आणि नाताळच्या विटलेल्या झिरमिळ्या यांच्यामध्ये मी पडून आहे. माझ्या झाकणावर धूळ आहे आणि त्या धुळीत एक खडा आहे. बोराएवढा, करडा, साधा खडा. तो काढून टाकायचे अजून कोणाला सुचलेले नाही. तो तिथे कसा आला, एवढेच मला सांगायचे आहे.

माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात झाला. माझ्या पोटात एक चाक बसवले गेले. त्या चाकाला कबुतरांच्या खुराड्यासारखे चिंचोळे कप्पे होते. मागच्या तोंडातून वापरलेला पत्ता आत घ्यायचा, मनाला येईल त्या कप्प्यात सरकवायचा आणि पुढच्या तोंडातून दुसराच कुठला तरी पत्ता बाहेर द्यायचा, हे माझे काम. कारखान्यात माझी तपासणी करणारी बाई माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाली होती, "हिच्या पोटात गेलेला पत्ता कधी वर येईल, ते एका देवालाच माहीत."

ते माझे पहिले कौतुक. मी भोळी होते. मला वाटले, मी देवाच्या हाताखालचे काहीतरी काम करायला निघाले आहे.

मला एल्कोला आणले तेव्हा ऑक्टोबर लागला होता. आठ टेबलांचा मुकादम व्हर्ल याने मला स्वतः उचलून तीन नंबरच्या टेबलावर, पत्ते वाटणाऱ्या बाईच्या डाव्या हाताला बसवले. त्या बाईचे नाव लिगाया. ती फिलिपिन्सहून आलेली, पन्नाशीची, बुटकी आणि हसरी होती. वीस वर्षे सहा जोड पत्ते हातांनी पिसून तिची मनगटे सुजली होती. दोन्ही मनगटांना ती कापडी पट्टे बांधत असे. तिने माझ्याकडे पाहिले, मनगटे चोळली आणि म्हणाली, "आलीस का बाई? फार वाट पाहिली तुझी."

एखाद्याने आपली वाट पाहिली आहे, हे ऐकून यंत्रालाही बरे वाटते. मी लगेच खरखर करत कामाला लागले.

त्या टेबलावर एकवीसचा डाव चाले. पत्त्यांची बेरीज एकवीसच्या जवळ न्यायची, पण एकवीस ओलांडायची नाही; ओलांडली की गेले. एकीकडे खेळणारे, दुसरीकडे जुगारघरातर्फे लिगाया. माझ्या आधी तिथे एक लांबट डबा होता. पिसलेले पत्ते त्यात ठेवून ती एकेक ओढून वाटत असे. डबा संपत आला की खेळ थांबे. मग सगळे पत्ते हिरव्या कापडावर पसरून, गोळा करून, पुन्हा पुन्हा एकमेकांत घालून ती पिसत बसे. त्याला तीन मिनिटे लागत. शेवटी ती एक पिवळे प्लास्टिकचे पान कोणा एका खेळाडूपुढे धरी आणि तो पत्ते कापून देई. त्या तीन मिनिटांत माणसे पाय मोकळे करत, कॉफी मागवत, बायकोला फोन करून येत.

मी आले आणि ती तीन मिनिटे गेली. प्रत्येक डावाचे पत्ते डाव संपताच माझ्या पोटात येत, आणि मी लगेच दुसरे देई. डबा संपायचा प्रश्नच उरला नाही.

पहिल्याच सकाळी शेवटच्या खुर्चीवर एक उंच, वाकलेला म्हातारा येऊन बसला. त्याचे नाव बेन्यात. तो बास्क, म्हणजे समुद्रापलीकडून इथे मेंढ्या राखायला आलेल्या लोकांतला, डोंगरांत आयुष्य काढलेला. त्याने मला पाहिले आणि लिगायाला विचारले, "हे काय बसवलंय? तुझा डबा कुठंय?"

"डबा गेला, मिस्टर बेन्यात. आता ही पिसणार."

"बरं. मग ही थांबते कधी?"

"थांबत नाही. तीच तर गंमत आहे हिची."

बेन्यातने डावा हात खिशात घातला. आतून बारीक खडखड आली. तो म्हणाला, "मग मी उठू कधी?"

शेजारी ड्वेन बसला होता. सोन्याच्या खाणीत काम करणारा, पाळी संपली की तिथेच नाश्ता करून खेळणारा धिप्पाड माणूस. तो म्हणाला, "खिसा रिकामा झाला की उठायचं, म्हाताऱ्या. आम्ही सगळे तेच करतो."

सगळे हसले. बेन्यात हसला नाही.

त्याच्या त्या प्रश्नाचा अर्थ मला पुढच्या काही दिवसांत कळला. टेबलावरच्या पेटीपुढे माणसे सगळे बोलतात. बेन्यातच्या बायकोचे नाव ग्राशी. तिची मूत्रपिंडे निकामी झाली होती. सोमवारी, बुधवारी आणि शुक्रवारी सकाळी दोन रस्ते पलीकडच्या केंद्रात यंत्राला जोडून तिचे रक्त शुद्ध करत. सात वाजता बेन्यात तिला तिथे सोडी आणि पावणेअकराला घ्यायला जाई. रक्त शुद्ध झाल्यावर ती इतकी थकलेली असे की त्याच्या दंडाला धरल्याशिवाय तिला गाडीपर्यंत चालवत नसे. मधला वेळ त्याला त्या केंद्रात बसवत नसे. नळीतून फिरणारे तिचे रक्त पाहिले की त्याला घेरी येई. म्हणून ग्राशीनेच त्याला सांगितले होते, "जा, खेळ जाऊन. पण सहाच वेळा. सहाव्यांदा पत्ते पिसायला घेतले की उठायचं आणि मला न्यायला यायचं."

तो त्या दोघांचा नेम होता. चार वर्षांत तो एकदाही चुकला नव्हता.

डोंगरात हजारो मेंढ्या मोजताना बास्क मेंढपाळ दर शंभराला एक खडा एका खिशातून दुसऱ्या खिशात टाकतात. बेन्यात तेच करी. सकाळी डाव्या खिशात सहा खडे. लिगायाने पत्ते पिसायला घेतले की एक खडा उजव्या खिशात. सहावा खडा पडला की तो उठे, टोपी घाली, आणि लिगाया म्हणे, "ग्राशीबाईंना माझा नमस्कार सांगा." त्याच्या मनगटावर घड्याळ होते. पण पत्त्यांकडे पाहणारा माणूस मनगटाकडे पाहत नाही, आणि त्या दालनाला ना खिडकी होती ना भिंतीवर घड्याळ. पत्ते पिसायला घेतले की खेळ थांबे, खेळ थांबला की त्याची मान वर होई.

ग्राशी त्या वेळात यंत्राला जोडलेली असताना जपमाळ ओढत असे. जुगारघराच्या उंबऱ्याच्या आत पाऊल टाकायचे नाही, असा तिचा वेगळा नेम होता, लग्नाच्याही आधीचा. नवऱ्याला जा म्हणाली, पण स्वतः कधी आली नाही. मी तिला कधीच पाहिले नाही. तरी तिच्याविषयी इतके ऐकले की ती शेवटच्या खुर्चीमागे उभी आहे असे मला वाटत असे.

त्या पहिल्या सकाळी बेन्यातचा प्रश्न ऐकून व्हर्ल टेबलाशी आला. तो वाईट माणूस नव्हता. त्याने मला थोपटले आणि म्हणाला, "बेन्यात, ही पेटी तुझ्याच फायद्याची आहे. खोटं नाही सांगत. जुन्या डब्यात खेळणाऱ्याचं दहा हजारांमागे पन्नास जायचं. हिच्यात अठ्ठेचाळीस जातं. मोठी माणसं बसून हिशेब करतात याचा."

"दोन डॉलरचा फायदा," ड्वेन म्हणाला. "घर बांध त्यात."

"मग जुगारघराचा फायदा काय?" बेन्यातने विचारले. "मेंढ्या विकणारा माणूस फुकट लोकर देत नाही."

व्हर्ल हसला. "काही हुशार लोक गेलेले पत्ते ध्यानात ठेवतात आणि मोठे पत्ते उरले की मोठा डाव लावतात. हिच्यापुढे त्यांचं काही चालत नाही. गेलेला पत्ता लगेच परत येऊ शकतो. एवढंच."

एवढेच नव्हते, मित्रांनो. व्हर्लने सांगितले ते सगळे खरे होते, पण त्याने अर्धेच सांगितले. उरलेले अर्धे लिगायाने आठवड्याभराने सांगितले. टेबलावर फक्त बेन्यात होता तेव्हा ती हळूच म्हणाली, "मिस्टर बेन्यात, डावाला किती जातं ते नका बघू. तासाला किती डाव होतात ते बघा. हातांनी पिसायचे तेव्हा साठ व्हायचे. आता बहात्तर होतात. डाव थोडा स्वस्त, पण डाव जास्त. माझी मनगटं वाचली, पण श्वास घ्यायलाही जागा राहिली नाही."

म्हणजे मी जुगारघराला पत्त्यांतून काही मिळवून देत नव्हते. मी घराला लोकांची ती तीन मिनिटे मिळवून देत होते. मला हे कोणी आधी सांगितले नव्हते. सांगितले असते तरी मी काय करणार होते? मला थांबायचे बटण होते, पण ते माझ्या हातात नव्हते.

खडे आता डाव्या खिशातच राहू लागले. बेन्यातने दुसरी खूण शोधली. पत्ते वाटणाऱ्यांना ठराविक वेळाने वीस मिनिटांची सुट्टी असे. लिगायाची सकाळची सुट्टी दहा वाजून दहा मिनिटांनी सुरू होई. बदलीचा माणूस येई, ती दोन्ही हातांनी एक टाळी वाजवी, रिकामे तळवे छताकडे उलटे करून दाखवी आणि जाई. हाताला काही चिकटलेले नाही हे वरच्या कॅमेऱ्याला दाखवायची ती रीत होती. मला मात्र ती प्रार्थना वाटे. साडेदहाला ती परत आली की बेन्यात उठे. दोघांनी मिळून हे ठरवले होते.

"तुम्ही परत येताना दिसलात की मी उठणार," तो तिला एरवी तू म्हणत असूनही मुद्दाम अदबीने म्हणाला.

"मी आले की पळायचं," ती म्हणाली. "मला बघून पळणारे तुम्ही काही पहिलेच नाही."

असे तीन महिने गेले. एकदाही उशीर झाला नाही.

पण एक गोष्ट बेन्यातने ग्राशीला सांगितली नव्हती. डबा गेला, पिसणे गेले, हे तिला ठाऊकच नव्हते. गाडीत बसली की ती दर वेळी विचारी, "सहा झाले?" आणि हा म्हणे, "झाले."

लिगायाला ते कळले तेव्हा तिने हातातला पत्ता तसाच धरून ठेवला. "सांगितलं नाहीत अजून?"

"सांगितलं तर म्हणेल, नको जाऊ मग. माझ्याजवळ बस."

"मग बसा की."

"बसवत नाही गं." तो टोकनांची चळत नीट करत राहिला. "बर्फात, लांडग्यांत राहिलो मी. कोकरू पोटातून हातानं ओढून काढलंय. पण ती नळी लाल झालेली बघवत नाही. तुला हसू येईल."

"हसू नाही येत," लिगाया म्हणाली. "पण सांगा त्यांना."

"सांगेन. ईस्टरच्या आधी सांगेन."

मी त्या वेळी खरखरतच होते. मधे बोलायची माझी पद्धत नाही.

फेब्रुवारीतला तो शुक्रवार. पहाटेपासून बर्फ पडत होते. माणसे बूट झटकत आत येत आणि गालिचा ओला करत. त्या दिवशी माझ्या पोटातून बेन्यातला असे पत्ते निघाले, जसे आधी कधी निघाले नव्हते. मी ठरवून दिले नाहीत. मला ठरवता येत नाही. पण एक्क्यावर राजा, दहावर एक्का, पुन्हा एक्का; अकरा आणि दहा, नेमके एकवीस. टेबल भरले. ड्वेन खुर्ची सरकवून बेन्यातच्या जवळ बसला.

"आज पेटीला तू आवडलास, म्हाताऱ्या."

"आवडून काय उपयोग? हिला लग्न थोडंच करता येतं."

"तुझी बायको काय म्हणेल?"

"म्हणेल, चला, एक तरी बाई तुझं ऐकते."

सगळे हसत होते. लिगायाही. तेवढ्यात व्हर्ल मागून आला आणि वाकून तिच्या कानाशी म्हणाला, "बदलीवाल्याची गाडी घाटात अडकलीय. तुझी सुट्टी जरा राहू दे. तो आला की देतो." तिने मान हलवली आणि पुढचे पत्ते वाटले.

मित्रांनो, त्या क्षणी तिने बेन्यातकडे पाहिले असते, तर एवढेच म्हणाली असती की आज खूण नाही, घड्याळ बघा. तिने पाहिले नाही, कारण पाच जण पत्ते मागत होते. आणि मी पुढचा पत्ता देत होते, आणि त्याच्या पुढचा. बेन्यात लिगाया जायची वाट पाहत होता. ती जाईल, मग येईल, मग आपण उठू. ती गेलीच नाही, म्हणून त्याच्या मनात वेळही पुढे गेला नाही.

पावणेअकराला पलीकडे ग्राशीची सुई काढली असेल. तिने कोट घातला असेल, जपमाळ बोटांना गुंडाळली असेल आणि दाराशेजारच्या बाकावर बसली असेल. सव्वाअकराला केंद्रातली परिचारिका तिला म्हणाली, "बसा ना, येतीलच." हे सगळे आम्हाला नंतर कळले. ग्राशी म्हणाली होती, "तो कधी उशीर करत नाही. सहा झाले की उठतो." आणि परिचारिका आतल्या दुसऱ्या रोग्याकडे वळल्यावर ती काठी घेऊन एकटीच बाहेर पडली.

आत आमच्याकडे ड्वेनने कॉफी मागवली. बेन्यात जिंकत होता.

आमच्या दाराची पायरी गोठली होती, म्हणून व्हर्ल मिठाची बादली घेऊन बाहेर गेला. तो परत आला तेव्हा त्याच्या हातात बादली नव्हती. तो थेट तीन नंबरच्या टेबलाशी आला. त्याचा आवाज मोठा नव्हता.

"बेन्यात. पायरीखाली एक बाई पडलीय. तिच्या बोटांना जपमाळ गुंडाळलीय. दार ढकलताना घसरली असावी."

बेन्यातने मनगटाकडे पाहिले. मग उठला. टोपी घ्यायला विसरला, जिंकलेली टोकने तशीच राहिली. चालताना त्याच्या डाव्या खिशात सहाच्या सहा खडे खडखडत होते, तेवढा आवाज मला दालनाच्या दारापर्यंत ऐकू आला.

लिगायाचे हात कापडावर होते. "मी त्यांना सांगायला हवं होतं," ती म्हणाली. "मीपण विसरले, व्हर्ल. मला वाटलं, दहाच वाजले असतील."

ड्वेनने टोपी उचलून बेन्यातच्या खुर्चीवर ठेवली. मग कोणीतरी दुसऱ्या टोकाहून म्हणाले, "पत्ते येताहेत का?" आणि मित्रांनो, मी दिले. मी दिले, कारण दुसरे काही मला येत नव्हते.

ग्राशीचे खुब्याचे हाड मोडले होते. आधीच रक्त पातळ, अंगात ताकद नाही. तीन आठवडे ती रुग्णालयात होती. लिगाया दर रविवारी चर्चहून तिकडे जाई आणि सोमवारी टेबलावर हलक्या आवाजात व्हर्लला सांगे. एकदा तिने विचारले होते, "ग्राशीबाई, एवढ्या बर्फात कशाला निघालात?" ग्राशी म्हणाली, "तो कधी चुकत नाही गं. मला वाटलं, तोच कुठंतरी पडलाय. म्हटलं, आज माझा नेम मोडला तरी चालेल. देव बघून घेईल. आत जाऊन बघून येते."

तिचा नेम मोडला नाही. ती उंबऱ्याच्या बाहेरच पडली होती.

तिने नवऱ्याला एका शब्दाने दोष दिला नाही, असे लिगाया म्हणाली. शेवटच्या दिवसांत मात्र तिला वेळेचे भान राहिले नव्हते. जागी झाली की विचारी, "सहा झाले?" आणि बेन्यात तिचा हात धरून म्हणे, "झाले. बघ, आलो मी." ईस्टरच्या आधीच ती गेली. पेटीचे तिला सांगायचे राहिले ते राहिलेच.

मला वाटले होते, बेन्यात आता या दालनात पाऊल ठेवणार नाही. मनोमन मी तीच प्रार्थना करत होते, यंत्राला जेवढी करता येते तेवढी. एप्रिलमधल्या एका मंगळवारी तो आला आणि शेवटच्या खुर्चीवर बसला. मंगळवारी तो पूर्वी कधी येत नसे. ड्वेनने त्याची टोपी आणून दिली. व्हर्लने ती कपाटात जपून ठेवली होती. व्हर्लने जिंकलेल्या पैशांचे पाकीटही पुढे केले.

"हे चर्चमध्ये दे," बेन्यात म्हणाला.

लिगाया म्हणाली, "मिस्टर बेन्यात, तुम्ही नका बसू इथं. घरी जा. मी हात जोडते."

"घरी कोण आहे?"

"मग चर्चमध्ये जा. पलीकडे तुमच्या बास्क लोकांकडे जा, पत्तेच खेळायचे तर त्यांच्याशी खेळा. ते थांबतात तरी."

"तेच तर," तो म्हणाला. "ते थांबतात. थांबले की सगळे माझ्याकडे बघतात. इथं बरं आहे. वाट पत्ते."

तिने वाटले.

त्यानंतर तो रोज येऊ लागला. सोमवार ते शनिवार, नाश्त्यापासून दिवेलागणीपर्यंत. जिंकला तर बसे, हरला तर बसे. लिगाया सुट्टीला जाई, येई, पुन्हा जाई. तो उठत नसे. कोणी काही विचारले तर म्हणे, "आता घाई नाही." त्याचे घड्याळ बंद पडले होते, तरी तो ते घालत असे. खाणीत काम करणारा ड्वेन एकदा त्याला घरी जेवायला नेतो म्हणाला. बेन्यात म्हणाला, "एवढा डाव होऊ दे." मी तो डाव कधी होऊ दिला नाही. एक संपला की दुसरा तयार असे. दहा हजारांमागे अठ्ठेचाळीस. हिशेब अगदी बरोबर होता.

अशी चार वर्षे गेली. माझीही रबराची चाके झिजली. पत्त्यांची भुकटी पोटात साचली. कधी दोन पत्ते एकदम बाहेर येत, कधी एक आत अडकून बसे. लिगाया मला मऊ कापडाने पुसे आणि म्हणे, "चल बाई, अजून थोडं." पण एका बुधवारी सकाळी मी पत्ता तोंडात धरला आणि सोडलाच नाही. चाक कुरकुरले आणि थांबले. नवीन पेटी आधीच मागवून ठेवलेली होती. कारागीर आला. त्याने खेळ थांबवला आणि माझे स्क्रू काढायला घेतले.

टेबल शांत झाले. माझी खरखर बंद झाल्यावर इतकी शांतता असते, हे मला पहिल्यांदाच कळले. ड्वेनने पाय ताणले. कोणी कॉफी मागवली. आणि बेन्यातची मान वर झाली.

त्याचा डावा हात खिशात गेला. एक खडा निघाला. त्याने तो उजव्या खिशाशी नेला, मग तसाच मुठीत धरून लिगायाला विचारले, "किती वाजले?"

पत्ते वाटणाऱ्या बाईने कोणाला वेळ सांगायची नसते. लिगायाने व्हर्लकडे पाहिले. व्हर्ल म्हणाला, "दहा चाळीस."

"अजून पाच मिनिटं आहेत," बेन्यात म्हणाला.

तो उठला. टोपी घातली. कोटाची बटणे वरपासून खालपर्यंत लावली. "मी गाठतो तिला," असे काहीसे पुटपुटला आणि भराभर चालू लागला, चार वर्षांत चालला नव्हता तसा, ताठ. दाराशी पोचला. त्याने दार अर्धे उघडले. बाहेरचा उजेड आत गालिच्यावर पडला. तिथे तो उभा राहिला.

लिगायाचे ओठ हलत होते, आवाज नव्हता.

बेन्यातने दार हळूच लोटून घेतले, आत झोपलेल्या माणसाला जाग येऊ नये तसे. मग परत आला, एकेक पाऊल टाकत. तोवर माझ्या जागी नवीन पेटी बसली होती, माझ्याहून लहान आणि माझ्याहून चपळ. कारागीर मला कवेत घेऊन निघाला होता. बेन्यातने त्याला थांबवले. मुठीतला खडा माझ्या झाकणावर ठेवला.

"हा राहू दे हिच्यावर," तो म्हणाला. "थांबली एकदाची."

मग तो शेवटच्या खुर्चीवर बसला. टोपी काढली नाही, कोटही काढला नाही. लिगायाने एक टाळी वाजवली आणि रिकामे तळवे छताकडे केले, तिच्या सुट्टीची वेळ झालेली नसताना. तिने हात खाली घेतले आणि नव्या पेटीतून पहिला पत्ता ओढला. मागच्या खोलीचे दार लागेपर्यंत मला तिची खरखर ऐकू येत होती. माझ्यासारखीच होती, फक्त थोडी मऊ.

मित्रांनो, मी निर्जीव आहे, मला उपदेश करायचा अधिकार नाही. मी बाईच्या मनगटांचा ताण वाचवला आणि एका माणसाची तीन मिनिटे घेतली, आणि दोन्ही गोष्टी मी सारख्याच इमानाने केल्या. म्हणून एवढेच मागते. तुमची कोणी वाट पाहत असेल, तर उठायची खूण दुसऱ्याच्या हातात ठेवू नका. ना पेटीच्या, ना डब्याच्या, ना भल्या माणसाच्या. ती आपल्याजवळ ठेवा. आणि काही बदलले असेल तर वाट पाहणाऱ्याला त्याच दिवशी सांगा, सणाच्या आधी सांगेन असे म्हणू नका.

माझे ऐकून आता कोणाचे काही फिरणार नाही, हे मला कळते. भिंतीपलीकडून अजूनही खरखर येते. ती थांबत नाही, म्हणजे तो अजून बसलेला असेल. त्याच्या खिशात आता पाचच खडे आहेत. सहावा इथे माझ्यापाशी आहे.